बोरीबंदरचा हिशेब

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरून वाद होऊ शकतो, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पर्यटक रस्त्यापलीकडे उभे राहून फोटो काढतात, चाकरमानी मान खाली घालून गाडी गाठतात, आणि दोघांचंही काही अडत नाही. कल्याणच्या एका घरात मात्र हा वाद जुना आहे. मामा मध्य रेल्वेत मोटरमन होते. निवृत्त झाले तरी बोलण्यातली युनियन सुटलेली नाही. भाची वास्तुसंवर्धक आहे. जुन्या दगडी भिंतींवर मारलेलं सिमेंट खरवडून तिथे पुन्हा चुना भरणं हे तिचं रोजचं काम. मामांच्या मते ती इमारत म्हणजे परक्यांनी आपल्याच पैशानं करून घेतलेली स्वतःची आरती. भाचीच्या मते मुंबईत जपण्यासारखं जे काही आहे, त्यात तिचा नंबर पहिला. त्या वादाची ही एक फेरी.

मामा : फाटकाच्या खांबांवरचे दोन प्राणी आधी बघ. एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. शेजारी शेजारी बसलेत, जणू दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून धंदा टाकलाय. नोकरीभर मी त्यांच्यासमोरून गेलो. दर वेळी वाटायचं, इतकं सरळ खोटं दगडात कोरायला धाडस लागतं.

भाची : खोटं आहेच. मी कुठे नाही म्हणते? पण तुम्ही एक सोयीस्करपणे विसरता. रेल्वे आधी आली, ही इमारत नंतर. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा इथे घुमट नव्हता, सिंह नव्हता, वाघही नव्हता. दुपारी साडेतीनच्या सुमाराला तीन इंजिनं चौदा डबे घेऊन निघाली. आत चारशेच्या आसपास निमंत्रित होते. साहिब, सिंध आणि सुलतान ही त्या इंजिनांची नावं. चौतीस किलोमीटरचा प्रवास, आणि निघायचं ठिकाण अगदी साधं. ही इमारत बांधायला घेतली 1878 मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत काय झालं, ते बघितल्याशिवाय हिची भव्यता कळत नाही.

मामा : मला चांगलं माहीत आहे. कापूस झाला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशची आठवण आली. मुंबईतल्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं कोटाची तटबंदी पाडून शहर मोकळं केलं. 1867 ला रूळ नागपूरला पोचले, 1870 ला अलाहाबादमार्गे कलकत्ता जोडलं गेलं. मग कंपनीला वाटलं, एवढा पसारा झाला, आता पेढीसुद्धा शोभेशी पाहिजे.

भाची : घाटही सांगा की. तो तुमचा आवडता विषय.

मामा : सांगणारच. बोरघाटाचा चढ 1863 मध्ये सुरू झाला. पळसदरीपासून वर खंडाळ्याकडे अठराशे फुटांहून जास्त उंची, पंचवीस बोगदे, जागोजागी पूल. सात वर्षं माणसं डोंगर फोडत होती. पटकी आली, दरडी कोसळल्या, सुरुंगात माणसं गेली. हजारोंनी मेली. घाटमाथ्यावरचे, कोकणातले, देशावरचे बायाबापडे होते ते. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुझ्या इमारतीवर दाखव. दर्शनी भिंतीवर मुखवटे कुणाचे? कंपनीच्या डायरेक्टरांचे.

भाची : त्या मुखवट्यांत दोन आपले आहेत. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय. मुंबईत रेल्वे आणायची खटपट या दोघांनी 1845 पासून केली, त्यासाठी मंडळी जमवली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी 1849 ला स्थापन झाली ती त्या खटपटीच्या पायावर. तेव्हा सगळं साहेबानं आणलं, हेही खरं नाही.

मामा : आणि दोघांनीही ही इमारत पाहिली नाही. जमशेटजी 1859 ला गेले, शंकरशेट 1865 ला. मेल्यावर दगडात बसवणं सोपं असतं. मूळ प्रश्न पैशाचा आहे. 1849 च्या करारात कंपनीला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. फायदा झाला तर भागधारकांचा. फायदा पाच टक्क्यांहून कमी पडला तर उरलेलं व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून. गावात अशा जावयाचे किस्से सांगतात, जो सासऱ्याच्या जिवावर दुकान टाकतो. चाललं तर त्याचं, बुडालं तर सासऱ्याचं. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या निःसारणाचं गणित मांडलं, त्यात रेल्वेच्या व्याजाची रक्कम उगाच आली नाही. रूळ इंग्लंडचे, इंजिनं इंग्लंडची, वरचे अधिकारी इंग्लंडचे. आपली फक्त जमीन, मजुरी आणि हमी.

भाची : यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते बरोबर आहे. उलट मी भर घालते. काम सुरू झालं 1878 ला, आणि 1876 ते 78 हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. सोलापूर-विजापूरकडे माणसं अन्नावाचून मरत होती. रेल्वेनं दुष्काळी भागात धान्य आणलं, तसं देशातून बंदराकडे नेलंही. त्याच सुमाराला इथे या पायाची खोदाई चालली होती. इमारतीला सोळा लाख रुपयांच्या वर खर्च आला. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पोटात कालवतं.

मामा : मग झालं तर. वाद संपला.

भाची : वाद इथून सुरू होतो, मामा. पैसा कुणाचा हे तुम्ही सांगितलंत. आता हात कुणाचे, ते मी सांगते. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. हा माणूस 1847 चा जन्मलेला, 1867 मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला हिंदुस्थानात आला. स्टेशनचं काम मिळाल्यावर युरोपात जाऊन तिथली मोठी स्टेशनं बघून आला. लंडनच्या सेंट पॅनक्रसची छाप इथे दिसते, हे कुणीही सांगेल. पण त्याच्या हाताखाली कामावर देखरेख करणारे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक इंजिनिअर होते. नक्षीकाम केलं ते सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स या त्यांच्या गुरूच्या देखरेखीखाली. दगड फोडणारे, घडवणारे, चढवणारे सगळे इथले. शेंड्यावरची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ तेवढे टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराचे.

मामा : म्हणजे मानाची मूर्ती साहेबाची आणि पानं-फुलं आपल्या पोरांची.

भाची : त्या पाना-फुलांकडे एकदा नीट बघा, मग बोला. खांबांच्या माथ्यावर जी पालवी कोरली आहे तिच्यात माकडं आहेत, मोर आहेत, मुंगूस आहे, घुबडं आहेत, सरडे आहेत. पावसाचं पाणी ओकणाऱ्या पन्हळींवर अक्राळविक्राळ जनावरं बसवली आहेत. कमानींच्या मधे माणसांचे चेहरे आहेत, निरनिराळ्या पगड्या आणि पागोटी घातलेले, मुंबईत तेव्हा जी जी जमात राहायची तिचे. इंग्लंडातल्या गॉथिक इमारतीवर ओकची पानं आणि संत असतात. इथे आराखडा गॉथिक ठेवूनही कोरणाऱ्यांनी आपलं अंगण त्यावर आणून सोडलं. एका ठिकाणी वेलीतून माकड डोकावतंय, त्याच्या बोटांची पेरंसुद्धा सुटी दिसतात. एवढ्या उंचीवर ती खालून कुणाला दिसणार नाहीत, हे त्या पोराला ठाऊक होतं. तरी त्यानं कोरली. ती पेरं हमीच्या व्याजातून येत नाहीत.

मामा : कसब आहे, मान्य. मी कधी नाकारलं? आमच्या कारशेडमध्येही कसबी माणसं होती. पण कसबाला सलाम करायचा म्हणून मालकालाही करायचा का?

भाची : करू नका. पण मालकाचा राग कामावर काढू नका. घुमट घ्या. दगडाचा, अष्टकोनी, फासळ्यांचा. इतका मोठा घुमट चढवताना खाली लाकडी सेंटरिंग लावतात, वरचा दगड पक्का बसेपर्यंत त्याचा भार त्यावर राहतो. इथे फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा करून अडकवत नेले आणि सेंटरिंगशिवाय घुमट उभा केला. त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. घुमटाखालचा जिना भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्यांचा आहे, मोकळ्या बाजूला टेकू नाही. आज इतक्या वर्षांनी, शेजारी रात्रंदिवस गाड्या येऊन-जाऊन हादरे बसत असताना, तो जिना जागचा हललेला नाही. हे काम बघायला आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा व्हिक्टोरिया राणीचा विषय निघत नाही. दगडाच्या सांध्याचा निघतो.

मामा : राणीचा विषय तुम्ही काढत नाही, कारण राणी काढून टाकली. 1887 ला तिच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून स्टेशनाला तिचं नाव दिलं, काम पुरं व्हायला मग 1888 उजाडलं. घड्याळाखाली तिचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवला. 1996 ला महाराजांचं नाव आलं, 2017 ला त्यात ‘महाराज’ हा मान जोडला. हे झालं ते योग्यच झालं. पण तू म्हणतेस तसं सगळंच जपायचं असेल तर पुतळाही जपायला हवा होता, नाही का?

भाची : पुतळा त्या कोनाड्यात नसला म्हणून इमारतीचं काही बिघडलं नाही. पुतळा असता तरी मला अडचण नव्हती. जागतिक वारसा यादीत आजही नवं नाव आधी आणि ‘पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस’ असं मागाहून लिहिलेलं आहे. दोन्ही नावं सांगितली की इतिहास पुरा होतो. माझा आक्षेप एवढाच, की नाव बदललं म्हणजे हिशेब चुकता झाला असं आपण मानतो. तुमचा पाच टक्के हमीचा मुद्दा नावासोबत पुसला गेला का? नाही. उलट आता तो कुणी काढतच नाही.

मामा : हं. यात तथ्य आहे.

भाची : मग माझंही थोडं ऐका. तुम्ही इमारत म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर पुढची बाजू येते. मी म्हणते तेव्हा पार बफरपर्यंतचं सगळं येतं. पुढे कंपनीची कचेरी, बाजूला फलाट, वर सुमारे बाराशे फूट लांबीची शेड. कचेरी आणि स्टेशन एकत्र बांधलं आणि दोन्ही अजून त्याच कामाला आहेत. कंपनी गेली, पण मध्य रेल्वेचं मुख्यालय आजही तिथेच बसतं.

मामा : फलाटाचं मला सांगू नकोस, तिथे माझं आयुष्य गेलं. सुरुवातीला फलाट थोडे होते. आता अठरा आहेत. सात लोकलचे, अकरा लांबच्या गाड्यांचे. लांबच्या गाड्यांची बाजू 1929 मध्ये वाढवली. आणि देशातली पहिली विजेची गाडी कुठून सुटली? इथूनच. 3 फेब्रुवारी 1925, व्हीटी ते कुर्ला, हार्बरच्या वाटेनं. पंधराशे व्होल्ट डीसी. त्याच डीसीवर मी उमेदवारी केली. मुख्य लाइनवर 2015 मध्ये सगळीकडे पंचवीस हजार व्होल्टचा एसी आला तेव्हा नव्वद वर्षांचा संसार मोडल्यासारखं वाटलं. हे बघ, घुमटाबद्दल मला कधी भरून आलं नाही. पण एक नंबरवर रेक लावून, हँडल काढून खाली उतरताना वाटायचं, आपण कुठल्यातरी मोठ्या रांगेतले आहोत.

भाची : आता तुम्ही माझंच म्हणणं बोललात.

मामा : पुरतं ऐक. त्या रांगेत फक्त गाड्या नाहीत. त्याच 1925 साली कंपनी सरकारकडे आली. सरकारनं ती 1900 ला विकत घेतली होती, पण चालवायला पुन्हा तिच्याचकडे ठेवली होती. मालक बदलला, पगार आणि तास तेच राहिले. 1930 च्या फेब्रुवारीत जी.आय.पी.च्या कामगारांनी मोठा संप केला. 1974 च्या मे महिन्यात देशभर रेल्वे थांबली, तेव्हाही इथले फलाट ओस पडले होते. घुमटाची माहिती देणारे हे कधी सांगतात का? वारसा म्हणजे काय नुसती पगडीवाली डोकी आणि माकडं? लाल बावटा घेऊन जे जिन्याखाली बसले, त्यांची कुठे नोंद आहे?

भाची : नाही. आणि ती असायला हवी. माझ्या कामातला हा दोष आहे असं मी आमच्या लोकांनाही सांगते. आम्ही दगडाचं वय काढतो, माणसांचं राहून जातं.

मामा : आणि आज रोज येणाऱ्या माणसांचं काय? तुमच्या यादीत नाव आलं म्हणून त्यांना काय मिळालं? रंगीबेरंगी दिवे मिळाले. सणाला तिरंगा, एरवी जांभळा. इकडे फलाटावर सकाळी साडेनऊला पाय ठेवायला जागा नसते. 2019 च्या मार्चमध्ये स्टेशनच्या अगदी शेजारचा पादचारी पूल रस्त्यावर कोसळला. कामावरून परतणारी माणसं मेली. मोडका पूल वारसा यादीत नव्हता म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही, असं मी म्हटलं तर?

भाची : तर मी म्हणेन, तो राग रास्त आहे पण पत्ता चुकलाय. पूल पडतो तो देखभाल नीट झाली नाही म्हणून. वारसा यादी हेच तर सांगते, की बांधून झालेल्या गोष्टीची देखभाल हे पहिल्या दर्जाचं काम आहे. मुंबईत वारसा नियमावली आली 1995 मध्ये, देशात पहिली. तिच्यात ही इमारत पहिल्या श्रेणीत आहे. म्हणजे आत-बाहेर कुठेही हात लावायचा तर आयुष्य वाढवण्यापुरता, तोही समितीला विचारून. 2004 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक यादीत घेतलं. मूळ जागा फक्त 2.85 हेक्टर, पण भोवतीचे नव्वद हेक्टर राखीव टापू. उद्या समोर साठ मजली काच उभी करायची म्हटलं तर कुणीतरी अडवून विचारू शकतं, हे या यादीमुळे. तुमच्या पुलाला अशी विचारणारी यादी असती तर?

मामा : हे चांगलं फिरवलंस. पण यादी माणसाला विचारत नाही, दगडाला विचारते.

भाची : युनेस्कोनं काय बघितलं ते तरी ऐका. दोन कारणांवर नाव घेतलं. एक, इंग्लंडातल्या व्हिक्टोरियन गॉथिकचा आणि इथल्या बांधकाम परंपरेचा मिलाफ. दुसरं, एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे स्थापत्याचा हा अव्वल नमुना. रेल्वे या शब्दाखाली रेघ मारा. यातून गाडी सुटणं बंद झालं तर दुसरं कारण अर्धं उरेल. जगात कितीतरी जुनी स्टेशनं संग्रहालयं झाली, हॉटेलं झाली. हे अजून स्टेशन आहे. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नाही म्हणून सांगते. इमारतीतली सगळ्यात नटवलेली खोली कुठली? संचालकांची नव्हे. तिकीटघर. इटालियन संगमरवर, पॉलिश केलेला निळसर दगड, निळ्या छतावर सोनेरी तारे, म्हणून तिला स्टार चेंबर म्हणतात. तिथे आज लोकलची तिकिटं मिळतात. पाच रुपयांचं तिकीट काढायला कुणीही त्या छताखाली रांगेत उभं राहतं. इतक्या नक्षीखाली इतक्या साध्या कामाला लागलेली रांग मला दुसऱ्या कुठल्या जागतिक वारसास्थळात माहीत नाही.

मामा : आणि जिना मात्र वर कचेरीत जातो. साहेब लोकांचा.

भाची : हो, ते बदलावं असं मलाही वाटतं. मार्गदर्शक घेऊन काही भाग बघता येतो, तळमजल्यावर संग्रहालय आहे. पण घुमटाखाली सामान्य माणसाला रोज थांबता येत नाही.

मामा : तू रांगेचं बोललीस म्हणून सांगतो. 26 नोव्हेंबर 2008 ला ज्या लोकांवर गोळीबार झाला, ते लांबच्या गाड्यांच्या बाजूला सामान घेऊन बसलेले साधे प्रवासी होते. अठ्ठावन्न माणसं गेली. बहुतेकांना घुमटाशी काही देणंघेणं नव्हतं, गाडी यायची वाट बघत होती. निवेदकानं वरून पाहिलं आणि माइकवरून लोकांना दुसऱ्या वाटेनं बाहेर काढलं, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या धावत होत्या. आमच्यातल्या कुणालाही कुणी सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मला तुझं थोडं पटलं होतं. तो मारा मुद्दाम तिथे झाला, कारण ती जागा सगळ्या जगाला माहीत होती. जागेला एवढी किंमत असते, हे हल्लेखोरांनाही कळलं होतं.

भाची : मग आता जे होऊ घातलंय त्यात आपण काय म्हणायचं? 2022 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मिळून सुमारे दहा हजार कोटींची मंजुरी दिली. तुमच्या गर्दीचा प्रश्न त्यात सुटू शकतो. माझी भीती वेगळी आहे. पुढची बाजू शोभेला तशीच ठेवतील आणि मागे विमानतळासारखं काहीतरी उभं राहील. मग स्टेशन मागे आणि वारसा पुढे, असे दोन तुकडे होतील.

मामा : मला ती भीती वाटत नाही. मागे जागा मोठी झाली, सरकते जिने झाले, म्हाताऱ्या बाईला बाकडं मिळालं, तर मी काच सहन करीन. माझी भीती अशी, की पैसा वरच्या दुकानांवर जाईल आणि लोकलच्या बाजूला पत्रा तोच राहील. भायखळ्याचं स्टेशन बघ. तेही जुनं, एकोणिसाव्या शतकातलं. नीट दुरुस्त केलं, चालू स्टेशन चालू ठेवून केलं, 2022 मध्ये युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक पारितोषिकही मिळालं. तिथे रोज उतरणाऱ्याला ते दिसतं. असं करायला माझा विरोध कधीच नव्हता.

भाची : म्हणजे तुमचा विरोध इमारत जपायला नाहीच. नुसतं पुढचं तोंड जपायला आहे.

मामा : तसं म्हण हवं तर. पण मग माझी अटही लिहून घे. त्या तळमजल्यावरच्या संग्रहालयात घुमटाचा नकाशा आहे, इंजिनांच्या प्रतिकृती आहेत. त्याच्या शेजारी एक भिंत करा. 1849 चा हमीचा करार आणि पाच टक्के म्हणजे दर वर्षी किती, ते साध्या मराठीत. बोरघाटात मेलेल्यांची जेवढी नोंद सापडेल तेवढी. 1876 चा दुष्काळ. 1930 आणि 1974 चा संप. आणि 26 नोव्हेंबरला गेलेल्यांची नावं. एवढं केलं की सिंह आणि वाघ खुशाल तिथे बसू देत. त्यांच्याकडे बघून कुणी फसणार नाही.

भाची : मान्य. माझीही एक अट त्यात घाला. पुनर्विकासाचा जो आराखडा होईल, त्यात वारसा म्हणून फक्त दर्शनी इमारत मोजू नये. घुमटापासून बफरपर्यंत, तिकीटघरापासून मोटरमनच्या लॉबीपर्यंत सगळं एकच मानावं. आणि घुमटाखालचा जिना आठवड्यातून एक दिवस तरी, पास असलेल्या कुणालाही, शुल्क न घेता बघायला मिळावा.

मामा : पास असलेल्यांना आधी. पर्यटक मागून.

यापुढे दोघांचं पुन्हा वाजलं, ते कुणाची अट वर लिहायची यावरून. तो निवाडा वाचकांनी करायचा नाही. पण दोन्ही अटी एकमेकींच्या आड येत नाहीत, उलट एकीशिवाय दुसरी अपुरी आहे. दगड जपून त्यामागचा करार विसरायचा, किंवा कराराच्या रागानं दगडाकडे पाठ फिरवायची, या दोन्ही सोप्या वाटा आहेत आणि आपण आळीपाळीनं दोन्हींवरून चाललो आहोत. टर्मिनसच्या पुनर्विकासाची आखणी आपल्याच कराच्या पैशातून होणार आहे. या वेळी तरी तिजोरी आपली आणि निर्णय दुसऱ्याचा, असं होऊ नये. आराखडे लोकांसमोर मराठीत मांडा, त्यावर हरकती मागवा, ही मागणी रोज त्या फलाटावर उतरणाऱ्यांनी आत्ताच करायला हवी.